बोनेटवरचं गंध

परभणीत जिंतूर रोडला नागनाथचं रेडियमचं दुकान आहे. दुकान कसलं, पत्र्याचं शेड, आणि बाहेर आडव्या बांबूला लटकवलेली रंगीत रेडियमची भेंडोळी. पण तालुक्यातली निम्मी वाहनं त्याच्या हाताखालून गेलेली. कुणाच्या काचेवर आई-बापाची पुण्याई, कुणाच्या टाकीवर मामाचं नाव, कुणाच्या मडगार्डवर वाघाचा डोळा, सगळं त्याच्या कटरचं. एक्केचाळीस एक्केचाळीस नंबराचे आकडे वळवून प्लेटवर 'दादा' तो असं काढायचा की पोलिसानंसुद्धा गाडी अडवून आधी कौतुक करावं. पण सरकारनं नव्या नंबर प्लेटा सक्तीच्या केल्या आणि त्याची ती कला बसली. तेव्हापासून तो जरा फुरंगटूनच असायचा. अशा फुरंगटलेल्या माणसापुढं फेब्रुवारीतल्या एका दुपारी कावेरीनं आलेखाचा कागद पसरला.

कावेरी म्हणजे हायस्कूलच्या गणिताच्या मॅडम. वय त्रेचाळीस, लग्न केलेलं नाही, केस मानेपर्यंत कापलेले, आणि आवाज असा की शेवटच्या बाकावरचा पोरगा झोपेतून उठून सूत्र म्हणेल. वडील काशीनाथ गुरुजी, घरातले अण्णा, शहरातले जुने भिक्षुक. सत्यनारायणापासून वास्तुशांतीपर्यंत सगळं त्यांच्याकडं. अशा घरातली ही बाई रेडियमच्या दुकानात उभी राहिली, म्हणजे काम देवाचंच असणार, असं नागनाथनं आपलं धरून टाकलं.

"बोला मॅडम. कोणाचं नाव टाकायचं? नरसिंहाचं?"

"कोणाचंच नाही. कागद बघा."

कागदावर वरून पाहिलेली गाडी होती, आणि तिच्यावर दोन पट्टे. बोनेटवरून निघून टपावरून थेट डिकीपर्यंत गेलेले. पट्ट्याची रुंदी, दोघांमधलं अंतर, कडेपासूनचं माप, एकेक आकडा लिहिलेला.

"आयला, हे तर रेसच्या गाडीचं हाय," नागनाथ म्हणाला. "कॉलेजच्या पोरायचं काम हे. तुमाला कशाला मॅडम? त्यापरीस मागच्या काचेला झ्याक फुलाची येल टाकून देतो."

कशाला! परभणीत माणसाला जन्मात जितक्यांदा 'बरा आहेस का' विचारतात, त्याच्या दुप्पट वेळा 'कशाला' विचारतात. आणि बाईमाणूस असली तर मोजूच नका. शिकली कशाला, नोकरी कशाला, गाडी कशाला, गाडीच घ्यायची तर स्वतः चालवायची कशाला. कावेरीला हा शब्द ऐकून ऐकून वीट आला होता.

"मला आवडतात म्हणून," ती म्हणाली. "येल नको. जमणार असेल तर सांगा, नाही तर मी नांदेडला जाते."

नांदेडचं नाव काढल्यावर नागनाथची मान ताठ झाली. "जमतंय की. न जमायला काय झालं!"

आणि माणूस लागला कामाला. गाडी जुनीच होती, छोटी, गडद निळ्या रंगाची. त्यानं ती धुतली, पुसली, समोरून मागं दोरी ताणून मधली रेघ धरली. मग शाम्पूचं पाणी फवारून सायीच्या रंगाचं रेडियम अलगद सोडलं आणि प्लास्टिकच्या पट्टीनं आतली हवा बाहेर काढत काढत पुढं सरकला. वळणावर गरम हवेचं मशीन लावायचा, ताणायचा, दाबायचा. कावेरी फूटपट्टी घेऊन मागं मागं. एके ठिकाणी दोन मिलिमीटर सरकलं, तर तिनं सगळं उचलायला लावलं. नागनाथ मनात काय म्हणाला ते लिहिण्यासारखं नाही, पण त्यानं उचललं.

घोटाळा झाला तो पुढच्या बंपरपाशी. बंपर जुना, खाली तडकलेला. पट्ट्यांची टोकं तिथं चिकटून राहीनात. नागनाथनं डोकं खाजवलं आणि दोन्ही टोकं खालून एका गोल वळणानं जोडून टाकली. "आता न्हाई निघत. टोकच ठिवलं न्हाई तर निघल कसं?" कावेरीनं लांबून पाहिलं. वळण कागदावर नव्हतं, पण वाईट दिसत नव्हतं. राहू दे म्हणाली.

गाडी घेऊन निघाली तेव्हा तिला इतका आनंद झाला होता की सिग्नलला उगीचच दोनदा हॉर्न वाजवला. लहानपणी टायरच्या दुकानातल्या कॅलेंडरवर तिनं असली गाडी पाहिली होती. त्यानंतर तीस-पस्तीस वर्षं तिला ती हवी होती, बस एवढंच. यामागं दुसरं काही नव्हतं.

घरी अंगणात अण्णा संध्येचं पळी-पंचपात्र पुसत बसले होते. गाडी आत आली तशी त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, परत वर केला.

"हे काय करून आणलंस?"

"पट्टे लावले, अण्णा. कसे आहेत?"

अण्णा कसे आहेत ते बोललेच नाहीत. आतून भाऊ आला, श्रीराम. तो बँकेत कारकून. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि कपाळाला हात लावला. "ताई, अगं तू मास्तरीण आहेस का टवाळ पोरगं? गुरुजींच्या दारात असली गाडी? उद्या यजमान काय म्हणतील अण्णांना? काढून टाक, आत्ताच्या आत्ता."

"नाही काढणार."

"लोक नावं ठेवतील गं!"

"ठेवू दे. माझी गाडी आहे, मला आवडते."

आता गंमत बघा. वहिनी, योगिनी, दारात उभी राहून पदराआड हसत होती, म्हणजे तिला पट्टे आवडले होते. पण घरात एक माणूस असा होता ज्याचं हसणं-रुसणं कावेरीला खरंच लागायचं, आणि तो माणूस पळी पुसत होता. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की कावेरी अण्णांना गाडीत बसवून पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला न्यायची. जाताना अण्णा स्तोत्र म्हणायचे आणि येताना राजकारणावर बोलायचे. आठवड्यात तेवढेच दोन तास दोघांचे असायचे, आणि कावेरी आठवडाभर त्या दोन तासांची वाट बघायची.

अण्णांनी पंचपात्र पालथं घातलं. "या गाडीत मी बसणार नाही," ते म्हणाले. "शनिवारी एसटीनं जाईन."

आवाज चढवला नाही, काही नाही. पण कावेरी काही कमी नव्हती, बापाचीच लेक. "जा," ती म्हणाली. "मी पण येईन. गाडीनं."

आणि शनिवारी खरंच तसं झालं. अण्णा दुखरे गुडघे घेऊन बसस्टँडवर गेले, खिडकीची जागा धरून बसले, आणि एसटी निघाली तशी मागून निळी गाडी निघाली. एसटी थांबली की गाडी थांबायची, एसटी निघाली की गाडी निघायची. ड्रायव्हर आरशात बघून बघून बेजार झाला. मागच्या शिटावरच्या पोरांना वाटलं शूटिंग चालू आहे. अण्णांनी पूर्ण रस्ता मान वळवली नाही, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि त्या कावेरीला काचेतून दिसत होत्या.

पोखर्णीच्या अलीकडं एका फाट्यावर एसटीनं मान टाकली. धूर निघाला, माणसं खाली उतरली. अण्णा लिंबाच्या सावलीत उभे राहिले. कावेरीनं गाडी पुढं नेऊन त्यांच्यासमोर लावली आणि दार उघडलं. अण्णांनी आभाळाकडं पाहिलं.

फाट्यावर कमलबाई बसलेली असायची. शेतातला भाजीपाला घेऊन बसायची, बोरं, हुरडा, जे असेल ते. तिनं गाडीकडं समोरून पाहिलं. निळी गाडी, मधोमध वर गेलेल्या सायीच्या रंगाच्या दोन उभ्या रेघा, खाली गोल वळणानं जुळलेल्या. बाई टोपलं सोडून उठली.

"अगं माय! गाडीला गंध लावलंय की देवाचं!"

झालं. कमलबाईनं कनवटीची पुडी काढून बोनेटवर हळद-कुंकू वाहिलं आणि डोकं टेकवलं. तिचं बघून एसटीतल्या चार बाया आल्या. एकानं चप्पल काढली. एक म्हातारा दोन्ही हात गाडीला लावून ते आपल्या डोळ्यांना लावू लागला. "नरसिंहाची गाडी हाय," कुणीतरी म्हणालं, आणि ड्रायव्हरनं सुद्धा तिकडून हात जोडले.

कावेरी तोंड उघडून बघत राहिली. ती काही बोलणार, तेवढ्यात अण्णा सावलीतून पुढं आले. त्यांनी गाडीकडं पाहिलं, बायांकडं पाहिलं, घसा खाकरला. "हां," ते म्हणाले. "उभं गंध. माझ्या लेकीनं लावलंय." आणि मुकाट्यानं पुढच्या सीटवर येऊन बसले.

पुढचे पाच किलोमीटर अण्णा स्तोत्र म्हणत होते. कावेरी रस्ता बघत गाडी चालवत होती. अण्णा गाडीत बसले होते. आता कशाला बोला?

तीन आठवडे असे गेले की विचारू नका. अण्णा जातील तिथं सांगायचे, कावेरीनं गाडीला गंध लावलं. श्रीराम, तोच तो कपाळाला हात लावणारा, बँकेत फोटो दाखवत फिरू लागला. शाळेत मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं की मॅडम, आजच्या काळात अशी श्रद्धा दुर्मीळ. आणि नागनाथ? त्या पठ्ठ्याला सगळं माहीत होतं. पण त्यानं दुकानावर बोर्डच लावला, 'येथे गाडीला गंध लावून मिळेल', आणि त्याचं फुरंगटणं गेलं. कावेरीनं जाऊन जाब विचारला तर म्हणाला, "मॅडम, तुमच्या कृपेनं चाललंय, राहू द्या की. कोणाचं काय बिघडायलंय?"

कुणाचं काहीच बिघडत नव्हतं, तेच तर वाईट होतं. घरात शांतता, गावात मान, शनिवारी अण्णा शेजारी. आणि कावेरी रोज सकाळी गाडी पुसायला गेली की तिला आपलीच गाडी परकी वाटायची. तिला हवी ती वस्तू तिच्या दारात उभी होती आणि तरी ती कुणीतरी पळवून नेली होती.

हे पहिल्यांदा होत नव्हतं. एकोणीस वर्षांची असताना तिनं शिंप्याची कात्री आणून स्वतःच्या हातानं वेणी कापली, कारण तिला आखूड केस आवडायचे. आठ दिवसांत सगळ्या गल्लीला ठाऊक झालं की बिचारीचे केस टायफॉईडनं गेले. टायफॉईड आदल्या वर्षी होऊन गेला होता आणि एक केस गळला नव्हता! पण बाया घरी येऊन खोबरेल तेल देऊन गेल्या. तिनं लग्नाला नाही म्हटलं, कारण तिला नव्हतं करायचं. तर आईच्या आजारपणापायी राहून गेलं, लेक असावी तर अशी, असं झालं. तिनं गाडी घेतली चालवायची हौस म्हणून, तर अण्णांच्या गुडघ्यांसाठी घेतली. तिच्या प्रत्येक आवडीवर कुणीतरी हळूच एक चांगलीशी सबब पांघरायचं, आणि लोक त्या सबबीला नमस्कार करायचे. तिला दोष कधी कुणी दिला नाही, पण ती स्वतः कुणाला कधी दिसलीही नाही.

खरं बोललं तर अण्णा गाडीतून उतरतील, परत कधी बसणार नाहीत. नाही बोललं तर ते बसतील, पण कावेरीच्या गाडीत नाही, कुठल्यातरी भक्तिणीच्या गाडीत. या दोन्हींच्या मधे ती तीन आठवडे लोंबकळत होती.

तात्यारावांनी ते लोंबकळणं संपवलं. तात्याराव म्हणजे त्याच फाट्यावरून आत असलेल्या गावातले बडे बागायतदार, अण्णांचे जुने यजमान. त्यांनी काळी नवीकोरी जीप घेतली, सत्यनारायण घातला आणि निरोप दिला की गुरुजी, मॅडमना घेऊन या, पूजा झाली की आमच्या जीपलाबी गंध लावायचंय. नागनाथ भेंडोळी घेऊन आधीच हजर. ओसरीवर सगळं गाव बसलेलं, बायांत कमलबाई पुढं.

पूजा झाली, आरती झाली, प्रसादाचा शिरा वाटून झाला. तात्यारावांनी शाल आणि नारळ मागवला आणि कावेरीच्या हातात दिला. "आमच्या गुरुजींची लेक," ते म्हणाले, "एवढी शिकलेली, पर देवाला इसरली न्हाई. मॅडम, दोन शब्द बोला. गाडीला गंध लावायची बुद्धी कशी झाली, ते पोरीबाळींना कळू द्या."

कावेरीनं अण्णांकडं पाहिलं. ते पूजेच्या पाटाशी बसून सुपाऱ्या गोळा करत होते. आत्ता 'देवाची इच्छा' म्हणून बसावं, दोन सेकंदांचं काम होतं. पण समोर बसलेल्या पोरींतली एक, परकर नीट करत, तिच्याकडं टक लावून बघत होती, आणि या पोरीलाही उद्या कुणीतरी टायफॉईड लावणार, हे कावेरीला एकदम स्वच्छ दिसलं. तिचं डोकं तडकलं.

"ते गंध नाही," ती वर्गात बोलते तशी बोलली. "ते रेसच्या गाडीचे पट्टे आहेत. परदेशात मोटारींच्या शर्यती लावतात, त्या गाड्यांना असतात. खाली गोल जोडले ते या नागनाथनं, रेडियम निघू नये म्हणून. विचारा त्याला."

सगळ्यांच्या माना नागनाथकडं वळल्या. नागनाथनं भेंडोळं छातीशी धरलं. "मॅडम, आता कशाला..." एवढंच तो म्हणाला, आणि तेवढं पुरलं.

मग एका म्हाताऱ्यानं समजुतीनं मान हलवली. "तुमच्या मनात नसल, बाई. पर देवानंच करून घेतलं बगा तुमच्या हातून."

"देवानं नाही हो, मीच केलं!" कावेरी म्हणाली. "देवाला दुसरी बरीच कामं आहेत. मला लहानपणापासून असली गाडी आवडते. आवडली, म्हणून लावले. आणि आता निघालंच आहे तर ऐका. माझे केस टायफॉईडनं गेले नाहीत, मी कापले. माझं लग्न आईमुळं राहिलं नाही, मला करायचंच नव्हतं. गाडी मला चालवायची होती म्हणून घेतली. यात कुणाची सेवा नाही, कुणासाठी त्याग नाही. मला वाटलं, मी केलं. बस."

कमलबाई उठून उभी राहिली. तिचा चेहरा पडला होता. "मंग म्या हळद-कुंकू वाह्यलं ते?"

तेवढं मात्र कावेरीला लागलं. ती जवळ गेली. "ते तुमचं, कमलबाई. तुमी देवाला वाहिलं, ते देवाला पोचलं. मी त्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं, गप्प बसले, चुकलंच माझं. पण पट्टे माझे आहेत."

तिनं शाल आणि नारळ पाटावर ठेवला, पायात चप्पल सरकवली आणि बाहेर जाऊन गाडीत बसली. किल्ली लावली, पण फिरवली नाही. आता अण्णा तात्यारावांच्या जीपमधून घरी जाणार. पुढच्या शनिवारी एसटी. त्याच्या पुढच्याही शनिवारी एसटी. तिला रडू येत होतं आणि रडू येतंय याचा रागही येत होता. पण बोलल्याचा पस्तावा? शोधून पाहिला, कुठंच सापडला नाही.

थोड्या वेळानं अण्णा बाहेर आले. काखेत पूजेची पिशवी, मागं तात्याराव, आणि त्यांच्या मागं सगळी ओसरी. तात्याराव मोठ्या मनाचा माणूस, गुरुजींची लाज राखायला त्यांनी लगेच हात पुढं केला. "गुरुजी, मॅडमनी गंमत केली. शिकलेल्या माणसाची गंमत आमाला कळत न्हाई. गंधच हाय ते. आन् तुमी आमच्या जीपमधून चला, पोचवतो."

अण्णा थांबले. सबब अशी तयार, शिजवून, ताटात वाढून समोर आली होती. फक्त 'हो' म्हणायचं होतं. कावेरीनं स्टेअरिंगवर कपाळ टेकवलं.

"नाही, तात्याराव," अण्णा म्हणाले. "पट्टेच आहेत ते."

"आँ?"

"साठ वर्षं मी कपाळाला गंध लावायलोय. गंध भुवयांमधून निघतं आणि केसांपाशी थांबतं. हिचं बघा, टपावरून जे निघालंय ते पार मागं डिकीपर्यंत. शेंडीवरून पाठीपर्यंत गंध ओढलेला माणूस बघितलाय का तुमी कधी?" कुणीतरी फिसकन हसलं. अण्णा हसले नाहीत. "मला त्याच दिवशी फाट्यावर कळलं होतं. तरी मी गंध म्हणालो. खोटं मी बोललोय, पोरगी नाही. ती खरं तेच बोलली. जीपला लावायचे तर पट्टे म्हणून लावा, नाही तर लावू नका."

एवढं बोलून ते गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आले, दार उघडलं, गुडघे एकेक करून आत घेतले आणि बसले. "चल," म्हणाले.

कावेरीनं गाडी काढली. फाटा आला, गेला, मोठा रस्ता लागला. स्तोत्र नाही, राजकारण नाही. शेवटी तिलाच राहवलं नाही.

"कळलं होतं, तर गंध का म्हणालात?"

"बसायचं होतं मला गाडीत," अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "एसटीत गुडघे मोडतात. आणि बसणार नाही असं बोलून बसलो होतो. काय करू?" मग बऱ्याच वेळानं, हळूच, "टायफॉईडचं पण मीच सांगितलं होतं."

गाडी डगमगली. कावेरीनं ती बाजूला घेऊन थांबवली. "तुमी?"

"गल्लीत बाया कायबाय बोलायल्या होत्या. पोरीला कुणी वाकडं बोलू नये म्हणून सांगितलं. लग्नाचं पण तसंच."

इतकी वर्षं कावेरीला वाटायचं, हे लोकांचं काम. घरातूनच चाललं होतं तर! आणि ते सुद्धा मायेनं. तिला एवढा संताप आला की शब्द सापडेनात, आणि सापडले ते मोठ्यानं आले. "लोक बोलले असते तर मी बघून घेतलं असतं, अण्णा! तुमी नुसतं म्हणायचं होतं की हो, कापले तिनं केस. तुमाला नाही आवडले तर नाही आवडले म्हणायचं होतं. पंचवीस वर्षांत तुमी मला एकदा तरी सांगितलंत का, माझं काय तुमाला आवडतं आणि काय नाही?"

बाजूनं उसाचा ट्रॅक्टर गेला, दुसरा गेला.

"बरं, आता सांगा," ती म्हणाली. "सबब नको, काही नको. हे पट्टे कसे वाटतात तुमाला?"

अण्णांनी काचेतून बोनेटकडं पाहिलं. चांगलं मन लावून पाहिलं, चष्मा वर करून, खाली करून.

"भिकार," ते म्हणाले. "अजिबात आवडले नाहीत. चांगली देखणी निळी गाडी होती, वाटोळं केलंस तिचं."

कावेरी त्यांच्याकडं बघत राहिली आणि मग तिला हसू फुटलं. असं फुटलं की आवरेना, डोळ्यांतून पाणी आलं, पदरानं पुसलं तरी येतच राहिलं. अण्णा रागानं बघत होते, त्यानं आणखीनच येत होतं.

"मी काढणार नाही हां अण्णा," कशीबशी ती म्हणाली.

"काढ म्हणतंय कोण तुला?" अण्णा खेकसले. "गाडी चालव."